इस्माईलभाईच्या गाठी

इस्माईलभाईची माझी ओळख झाली ती माझी जीप जळाली म्हणून. आता जीप आपोआप जळत नाही, जाळा लागते, आन् ते काम म्या स्वतःच्या हातानं केलतं.

मी दारव्हा ते यवतमाळ सवारी मारतो. कोण्या ड्रायव्हरच्या गाडीत निळा बल्ब पाह्यला आन् मलेही वाटलं, आपल्या डॅशबोर्डाखाली असा उजेड पाहिजे. बाजारातून बल्ब आणला, वायर आणली, लावून टाकला. फ्यूज लावला नाही. फ्यूज काय असते ते मले मालूम होतं, कायले असते ते मालूम नव्हतं. लाडखेडच्या अलीकडं डॅशबोर्डातून धूर निंगाला. अशा टाइमाले ड्रायव्हरनं पहिले सवाऱ्या उतरवा लागते आन् मंग स्वतः उतरा लागते. म्या उलटं केलं. मी तुरीच्या वावरात जाऊन उभा राह्यलो आन् तिथून ओरडलो, "घाबरू नोका! कोणी घाबरू नोका!" मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणे, "बापू, आमी तं बसूनच हाओ. तूच पळून राह्यला."

जीप ओढत आणली दारव्ह्याले. स्टँडच्या मांगं कडुलिंबाखाली टिनाचं एक दुकान होतं, तिथं इस्माईलभाई बसत. बारीक माणूस, अर्ध्या बाहीचा शर्ट, छातीवर मोठा खिसा. त्यायनं डॅशबोर्डाजवळ नाक नेऊन वास घेतला. मंग म्हणे, "हा बल्ब कोणी लावला?"

"नागपूरच्या मिस्त्रीनं," म्या ठोकून देलं.

त्यायनं वायर ओढून काढली. जोडावर म्या जखमेची चिकटपट्टी लावलती, घरात तेच होती. भाईनं ते पट्टी बोटावर धरून मले दाखवली.

"नागपूरचा मिस्त्री दवाखान्यात भरती होता वाटते," म्हणे.

त्या दिवसापासून माझी जीप आन् माझी अब्रू, दोन्ही त्यायच्याकडंच रिपेअरले जात.

भाईची काम कराची एक रीत होती. गाडी आली की पहिले बॅटरीचा नट काढत आन् तो नट खिशात टाकत. "जोवर नट माझ्या खिशात, तोवर गाडी मुडदा. मुडद्याले आग लागत नाही." आता रीत चांगली, पण खिशातला नट घरी जाये. एका शुक्रवारी भाई माझा नट घेऊन नमाजले निंगून गेले. इकडं माझ्या सवाऱ्या भरून बसल्या. मी धावत मशिदीच्या दाराशी गेलो आन् चपला ठेवतात तिथं हात जोडून उभा राह्यलो, म्हणजे ते निंगाले की लगेच नट मांगता येईन. बाहेर आलेल्या एका म्हाताऱ्या चाचानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणून फुंकर मारली आन् म्हणे, "बेटा, क्या तकलीफ है?" म्या म्हटलं, "नट." त्यायनं अजून एक डाव फुंकर मारली.

दुसरी रीत म्हणजे, नवीन बटण लावाचं असलं की भाई ड्रायव्हरले सीटवर बसवत. "समोर पाह्य. रस्त्याकडं पाह्य. आता समज पाऊस आला, वायपर चालू कर." आपण समोर पाहत हात न्यावा, आन् हात जिथं जाईन तिथं भाई खडूनं गोल काढत. बटण तिथंच लागे. म्हणत, "गाडी कंपनीनं बनवली, पण हात तुहा हाय. बटणानं हाताकडं यावं, हातानं बटण हुडकाचं नाही." लोकायच्या डॅशबोर्डावर चार-पाच गोल निंगत. माझा हात पहिल्याच डावाले गेला तो खर्र्याच्या, तंबाखू-सुपारीच्या पुडीकडं. भाईनं तिथंही गोल काढला. म्हणे, "इथं पुडी. इथं बटण लावलं तं तू पावसात खर्रा खाशीन."

आन् तिसरी रीत, गाठी. डॅशबोर्डाच्या मांगं प्रत्येक वायरीले ते सुताचा पांढरा दोरा बांधत, आन् दोऱ्याले गाठी मारत. एक गाठ हॉर्न, दोन गाठी हेडलाइट, तीन गाठी वायपर. सारा तालुका त्यायले गाठीवाला मिस्त्री म्हणे. कोणी इचारलं तं म्हणत, "ते माझी सही हाय." आमी मानलं. लिहिता येत नसन तं माणूस अंगठा मारते, यायनं गाठ मारली. मी सोता दुसरीतून शाळा सोडलेला, मराठी पाटी बोट ठेवून वाचतो, इंग्रजी आली की तोंड फिरवतो. मले तं ते गाठीवाली सही लय आवडली.

एक गोष्ट तेवढी मले खटके. वायर हातात धरून भाई गिऱ्हाईकाले इचारत, "हा कोणता रंग म्हणशीन तू?" मले वाटे, हा माणूस आपली परीक्षा घेऊन राह्यला, आपण शिकेल नाही म्हणून. एक दिवस म्या चिडून म्हटलंही, "भाई, मले वाचता येत नाही, आंधळा नाही हाओ मी. हिरवा हाय हा."

"तेच पाहून राह्यलो," म्हणे, आन् गाठ मारली.

हे सारं असं चालत असताना भाईचं दुकान बसत चाललं होतं. नव्या गाड्यायची वायरिंग सारी बंद डब्यातली. काही झालं की लोक गाडी कंपनीच्या वर्कशॉपले नेत. भाईकडं उरलो आमी, जुन्या जीपावाले, आन् आमीही कमी होत चाललो. त्यातच राजूरकडून एक काम येते असं निंगालं. तिकडं कोळशाच्या खाणीवर एका ठेकेदाराच्या बारा जीपा चालत. त्यायचा सुपरवायझर मेश्राम साहेब, त्याचं सासर दारव्ह्याचं. सासुरवाडीले येताना त्याची गाडी स्टँडपाशी बंद पडली आन् भाईनं अर्ध्या घंट्यात चालू करून देली. तवापासून त्याच्या मनात होतं की बाराही जीपायचे डॅशबोर्ड नवीन कराचे, उजेडवाली बटणं लावाची, आन् काम इस्माईलभाईले द्याचं. पुढं त्या जीपायची देखरेखही यायच्याकडंच.

भाई मले म्हणे, "गजा, हे भेटलं तं दुकान राह्यते. नाही भेटलं तं टिन विकतो आन् जावयाच्या दारात खाट टाकतो." दुकानाच्या मांगंच त्यायचं घर, भाभी आतून म्हणे, "दामाद के घर मैं नहीं आनेवाली. तुम अकेले जाओ." म्हणजे गोष्ट खरंच तितक्यावर आलती.

मेश्राम साहेबाले दाखवाले एक तयार डॅशबोर्ड पाहिजे होता. भाईनं माझी जीप निवडली. बटणं त्यायनं नागपूरहून मांगवली, पाच. बंद असली की पाचही काळी, सारखी. दाबलं की आतून उजेड येये, कोणाले लाल, कोणाले हिरवा, कोणाले निळा, पिवळा, पांढरा. मले तं देवच पावला. कारण जुन्या बटणावरची चित्रं मले कधी समजलीच नाही. हेडलाइटचं चित्र मले कंगव्यासारखं दिसे. आता रंगानं काम होणार होतं. म्या सांगतलं, हेडलाइट हिरवं, चारी इंडिकेटर संगंच लागतात ते लाल. बाकीचं तुमी पाहा.

भाई एकेक बटण बॅटरीले लावून पेटवत आन् मले इचारत, "हा कोणता?"

दुपारचा टाइम. दुकानात तीन-चार ड्रायव्हर बसलेले. मले वाटलं, हा माणूस वर्षानुवर्षं आपली परीक्षा घेऊन राह्यला, आज आपण त्याची घेऊ. लाल पेटलं, म्या म्हटलं, "हिरवा." हिरवं पेटलं, म्या म्हटलं, "लाल." म्हटलं आता शिवी भेटते. बाकीचे ड्रायव्हर तोंड दाबून हासून राह्यले. भाईनं शिवी देली नाही. दोऱ्याले गाठी मारल्या, बटणं खडूच्या गोलात बसवली, नट खिशातून काढून बॅटरीवर कसला. "जा. उद्या सकाळी आण, मेश्राम साहेब येते."

मी घरी गेलो, बटणं दाबून पाह्यली. हेडलाइट लाल. इंडिकेटर हिरवे. म्या काय समजावं? म्या समजलो, बुढ्यानं माझ्या मस्करीवर मस्करी केली. मले आणखीनच मजा आली.

दुसऱ्या दिवशी जीप दुकानासमोर लावली. मेश्राम साहेब येऊन बसलेले, भाभीनं चहा ठेवला, भाईनं धुतलेला शर्ट घातलेला. मी गाडीतूनच मोठ्यानं ओरडलो, "काहून भाई! लाल-हिरवं समजत नाही का तुमाले? हेडलाइट लाल करून ठेवली!"

आन् हासलो. एकटाच हासलो.

मेश्राम साहेब उठून आला, बटणं दाबली. लाल. हिरवं. भाईकडं पाह्यलं. भाईनं कपबशी खाली ठेवली.

"मिस्त्री, हे काय झालं?"

दुसरा कोणी असता तं म्हणता, चुकून लागलं. म्हणता बटणवाल्यानं डब्यावर चुकीचं लिहिलं. माझ्यावर ढकलता, तं ते खरंच होतं. भाईनं खाली पाहत सांगतलं, "साहेब, मले लाल-हिरवं कळत नाही. लहानपणापासून. दोन्ही एकसारखेच दिसतात."

तीस वर्षं वायरिंग करणारा माणूस. कोणाले मालूम नव्हतं. भाभीलेही अर्धंच मालूम होतं. तिले वाटे, याची नजर उन्हानं कमजोर झाली. आन् म्या जे परीक्षा समजलो ते परीक्षा नव्हती. तो माणूस खरंच इचारत होता.

मेश्राम साहेब भला माणूस. तो ओरडला नाही, त्यानं मोटरसायकलले किक मारली. म्हणे, "आमच्या इथं लाल बटण म्हणजे डोक्यावरचा फिरता दिवा. ते उलटं झालं तं डंपर अंगावर येते. मी विचार करून सांगतो." विचार करून सांगतो म्हणजे काय, हे सवारीवाल्याले कोणी शिकवा लागत नाही.

तो गेल्यावर भाई माझ्या जीपीत बसले. बॅटरीचा नट काढला, खिशात टाकला. दोन बटणं उपसली, अदलाबदल केली. मंग एक थेट बॅटरीले वायर लावून पेटवलं आन् मले म्हणे, "आता सांग. खरं."

"लाल," म्या म्हटलं.

"काल हेच हिरवं सांगतलं तू?"

"हो."

"मस्करी केली?"

"हो भाई. चिडले काहून नाही तुमी?"

"चिडून काय? बारा जीपा वापस येतात का?" आन् नट कसला.

मी घरी जाऊन जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण दोनच भाकरी. बायको म्हणे, "काय झालं?" म्या सांगतलं. ते म्हणे, "तुमी तोंड उघडलं की कोणाचं ना कोणाचं जळते. पहिले जीप जळाली, आता माणूस." मंग म्हणे, "जा. ज्यानं बिघडवलं त्यानं जावं."

सकाळी सवाऱ्या न घेता जीप राजूरकडं काढली. रिकामी जीप पाहून लोक हात करून राह्यले, मी थांबलो नाही. ठेकेदाराच्या अंगणात पोचलो तवा मेश्राम साहेब हजेरीच्या वहीवर होता. म्या सारं सांगतलं. माझी मस्करी, भाईचं इचारणं.

"म्हणजे तू खोटं बोलला, हे सांगाले दारव्ह्याहून इथं आला?"

"हो साहेब."

"आन् आता खरं बोलून राह्यला हे मी कसं मानू?"

म्या जीपच्या डॅशबोर्डाची पट्टी खोलली आन् गाठी दाखवल्या. "साहेब, मले इंग्रजी येत नाही, इलेक्ट्रिकचं काही येत नाही, माझी गाडी मीच जाळली होती. तुमी कोणतीही वायर धरा." त्यानं एक धरली. म्या बोटानं गाठी मोजल्या, तीन. "वायपर." बटण दाबलं, वायपर हालला. दुसरी धरली. दोन. "हेडलाइट." लागली. पाच वायरी त्यानं धरल्या, पाचही निंगाल्या. सहाव्या डावाले म्या आगाऊपणा केला, न मोजताच हॉर्न म्हटलं, आन् डॅशबोर्डावरचा पंखा लागला. तो म्हणे, "मोजत जा."

मंग तो बाजूच्या जीपकडं गेला. त्यायचीच जीप, अंगणात उभी. डॅशबोर्ड खोलला. आत कोळशाची धूळ. सगळ्या वायरी काळ्या, मशेरी लावल्यासारख्या. त्यानं आपल्या इलेक्ट्रिकवाल्याले हाक मारली. "यातली लाल कोणती?"

त्या माणसानं अंगठ्यानं घासली. थुंकी लावून घासली. म्हणे, "साहेब, धुवा लागन."

मेश्राम साहेबानं येऊन माझ्या जीपमधल्या गाठी पुन्हा बोटानं मोजल्या. मंग मले म्हणे, "मिस्त्रीले सांग, एक जीप करून दाखवाची. पण बटणाचा रंग सांगणारा माणूस सोबत आणा लागन. आन् बटणं मी सोता तपासीन. एक चुकलं तं काम बंद."

म्या निरोप देला. भाई म्हणे, "तूच चाल."

भाभी आतून आली. "इसको? इसीने तो डुबाया!"

"इसीको. अब ये डर के बोलेगा."

खरं सांगतो, माझ्या लग्नात मी इतका घाबरलो नव्हतो. अंगणात जीप उभी, भाई डॅशबोर्डाखाली पाठीवर निजलेले, मी बाजूले उकिडवा. बटण पेटे. "कोणता?" "लाल भाई." "पक्का?" "पक्का." ते बटण बाजूले ठेवत, दोन बटणं पेटवत, मंग गुपचूप तेच पहिलं पुन्हा पेटवत. "कोणता?" एक बटण त्यायनं मले चार डाव दाखवलं, प्रत्येक डावाले असं जसं काही पहिल्यांदाच पाहून राह्यले. चौथ्या डावाले म्या म्हटलं, "भाई, हे तेच लाल हाय." तवा कुठं गाठ मारली. एक जीप व्हाले पूरा दिवस गेला. खाणीवरचे ड्रायव्हर सीटवर बसून समोर पाहत, भाई खडूनं गोल काढत. एका ड्रायव्हरचा हात सारखा आरशाकडं जाये. भाईनं आरशापाशी गोल काढला आन् म्हणे, "इथं नट्टा-पट्टा." तो ड्रायव्हर नंतर आमाले रोज डबा आणून देये.

संध्याकाळी मेश्राम साहेब आला, पाचही बटणं दाबली. मंग पुन्हा उलटीकडून दाबली. फिरता दिवा लाल बटणानं फिरला. तो म्हणे, "उद्या दुसरी घ्या."

बाराव्या जीपपर्यंत मी भाईसोबत होतो. सवारीचे तेवढे दिवस गेले, जाऊ द्या. नवव्या जीपवर एक नवा पोट्टा इंजिनिअर आला, त्यानं भाईले गाठीबद्दल इचारलं. मले वाटलं आता भाई म्हणतात, माझी सही. भाई निजल्या-निजल्याच म्हणे, "मले रंग दिसत नाही साहेब. म्हणून गाठ मारतो, आन् याले इचारतो. हा खोटा माणूस हाय, पण आजकाल बरा बोलते." इंजिनिअर माझ्याकडं पाहून राह्यला. म्या मान हालवली. काय करता, खरंच होतं ते.

दुकान राह्यलं. टिन जागेवर हाय, कडुलिंब जागेवर हाय. राजूरच्या जीपा देखरेखीले येतात, कधी भाई तिकडं जातात. आता सोबत मी नसतो. खाणीवरचाच एक माणूस त्यायनं तयार केला. मले म्हणे, तुह्यापेक्षा तो कमी बोलते.

परवा दारव्ह्याच्या बाजारात भाई दिसले. भाभी एकदा बोललती की तीस वर्षांत या माणसानं कधी भाजी आणली नाही. आण म्हटलं की दुकानात काम हाय म्हणे. आन् परवा हा माणूस थैली घेऊन टमाट्याच्या ढिगासमोर उकिडवा बसलेला. भाजीवाली बाई दुसऱ्या गिऱ्हाईकाले तोलून देऊन राह्यली होती. भाईनं दोन टमाटे हातात धरले आन् भर बाजारात, कोणाचीच लाज न ठेवता, मोठ्यानं म्हणे, "बाई, यातला पिकलेला कोणता? मले लाल-हिरवं दिसत नाही."

बाईनं न पाहताच म्हटलं, "दोन्हीही पिकले बावा, घ्या."

मी मांगंच उभा होतो. एक चांगला लाल होता, आन् दुसरा पार हिरवा, दगडासारखा. म्या ओरडलो, "भाई, डाव्या हातातला कच्चा हाय! घेऊ नोका!"

भाईनं मांगं वळून मले पाह्यलं. डाव्या हातातला टमाटा पाह्यला. मंग शेजारी कांदे निवडणाऱ्या एका बाईपुढं तो टमाटा धरला आन् म्हणे, "ताई, तुमी सांगा. तो माणूस म्हणते हा कच्चा हाय."